नांदेडवाल्यानं भरलं का?

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून आनंदाबाई पायरी झाडायच्या, तांब्यातलं पाणी हातानं शिंपडायच्या आणि मग पदराच्या टोकानं मोबाइलची काच पुसायच्या. काच स्वच्छ असली तरी पुसायच्या. मोबाइल पिनांच्या बरणीला टेकवून उभा करायच्या, चष्मा नाकावर चढवायच्या आणि बोहनी व्हायच्या आत मोठ्यानं वाचू लागायच्या.

“भुसावळ, भरलं. सांगली, भरलं. अकोला, उद्याची तारीख आहे. नांदेड, भरलं.”

ऐकणाऱ्या बाया रस्त्यातच असत. कुणी दूध घेऊन परतत असे, कुणी नळावरची गुंडी कमरेवर घेऊन थांबलेली असे. आपापल्या गावाचं नाव ऐकलं की त्या पुढे निघत. ज्या गावांची नावं त्या अशी रोज ऐकत, तिथं त्यांच्यापैकी कुणीही कधी गेलेलं नव्हतं.

नाचणगाव पुलगावला इतकं लागून आहे की नवख्या माणसाला एक गाव कुठं संपलं ते कळत नाही. आनंदाबाईंचं बांगड्यांचं दुकान या दोन्हींना जोडणाऱ्या रस्त्यावर. माहेर तळेगावचं, श्यामजी पंताचं तळेगाव. लग्न होऊन त्या इथं आल्या तेव्हा त्यांचे यजमान लक्ष्मणराव पुलगावच्या कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर लक्ष्मणराव काही दिवस डबा घेऊन नुसतेच घरातून निघत आणि स्टेशनवर बसून परत येत. आनंदाबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी घराची रस्त्याकडची खोली मोकळी केली आणि तिथं बांगड्या मांडल्या. एके दिवशी लक्ष्मणराव डबा घेऊन निघाले ते त्या खोलीतच थांबले. पुढं बरीच वर्षं तो डबा गल्ल्याच्या बाजूला बसूनच खाल्ला गेला. लक्ष्मणराव गेल्यावर डबा माळ्यावर गेला आणि दुकान तसंच चालू राहिलं.

त्यांचा मुलगा ऋतिक औषधाच्या दुकानात कामाला होता. सून अंकिता आंजी गावची. ती पुलगावात लोखंड-सिमेंटच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघे. पगारातले थोडे पैसे तिनं मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमधून कर्जाऊ दिले होते. जेवताना एकदा हप्ता जमा झाल्याचा आवाज आला आणि आनंदाबाईंनी विचारलं, कोणाचा फोन. अंकितानं समजावून सांगितलं. या अ‍ॅपमध्ये बँक नसते. ज्याला पैसे हवेत तो आपलं नाव, गाव, धंदा आणि कारण लिहितो. ज्याच्याकडे आहेत तो यादीतून माणूस निवडतो. दर महिन्याला व्याजासकट हप्ता परत येतो.

“आन् नाई आला तं?” आनंदाबाईंनी विचारलं.

“तर नाही येत. ते वसुली करतात, पण हमी घेत नाहीत. बुडूही शकतात, आई.”

“भिशीतही बुडतात. पण तिथं कोणं बुडवले ते मालूम असते.”

रस्त्यावरच्या आठ बायांची भिशी आनंदाबाईंकडे होती. दर महिन्याला पैसे गोळा व्हायचे, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या पडायच्या, जिची निघाली तिनं रक्कम उचलायची. त्याशिवाय वर्षभरात प्रत्येकीचे थोडेथोडे बाजूला पडून पाच-पाच हजार झाले होते आणि ते नुसते बँकेत होते. होळी झाल्यावर आनंदाबाईंनी बायांपुढे गोष्ट काढली. बाया आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या, मग तयार झाल्या. खातं आनंदाबाईंच्या नावानं उघडलं गेलं.

अंकिताचं म्हणणं होतं, सगळ्यांचे पैसे एकत्र समजावे आणि पुष्कळ माणसांत वाटून द्यावे, म्हणजे एखाद्यानं बुडवलं तरी कुणा एकीला झळ लागत नाही. आनंदाबाईंना ते पटलं नाही. आपला पैसा कुणाकडे आहे हे बाईला ठाऊक असलं पाहिजे, तिला त्याचं नाव घेता आलं पाहिजे. म्हणून यादीतली आठ माणसं निवडली गेली आणि त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या त्याच स्टीलच्या डब्यात पडल्या. अशा तऱ्हेनं कौशल्याबाईला भुसावळचा सलीम मिळाला, ज्याला बेकरीची भट्टी बांधायची होती. अंजूला सांगलीची शिवणकाम करणारी रंजना मिळाली. भागीरथाला नांदेडचा गोविंद मिळाला. त्याला टेम्पोचं इंजिन उघडायचं होतं.

भागीरथा या आठजणींत वयानं लहान. लोकांच्या घरच्या शेवया, कुरडया, पापड करून देई. उन्हाळ्याच्या तोंडाला तिला श्वास घ्यायला फुरसत नसे, पण शेवयाचं मशीन भाड्याचं असल्यानं निम्मी कमाई मशीनवालीच नेई. हिंगणघाटच्या एका बाईचं जुनं मशीन विकायचं होतं. पौष संपेपर्यंत थांबते, असं तिनं सांगितलं होतं. भागीरथाजवळ थोडे जमले होते. भिशीतले पाच हजार आले की मशीन येणार होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भागीरथा ते सगळ्यांना सांगे.

पुढचे काही महिने त्या रस्त्यावर एक वेगळंच नातंगोतं तयार झालं.

“काय व अंजू, तुझ्या सांगलीवालीनं या खेपी दोन दिवस उशीर केला.”

“लग्नसराई आहे माय, ब्लाऊज शिवून राह्यली असन. भरते ते. माझी पोरगी गुणाची हाये.”

ईदच्या दिवशी भुसावळचा हप्ता आला नाही तेव्हा कौशल्याबाईनं स्वतःच जाहीर केलं, “आज सण हाये त्याचा, आज काऊन भरन? उद्या भरन.” त्यानं खरंच दुसऱ्या दिवशी भरला आणि कौशल्याबाई दिवसभर अशी फिरली जणू जावयानं नाव काढलं. भागीरथाचा नांदेडवाला मात्र सगळ्यांत आधी भरी, तारखेच्याही आदल्या दिवशी. “इंजिन चांगलं बसलं त्याचं,” भागीरथा म्हणे आणि गुंडी दुसऱ्या कमरेवर घेई.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं. त्यानंतर एका सकाळी आनंदाबाई वाचता वाचता थांबल्या.

“नांदेड...” त्यांनी काच पुन्हा पुसली. “नांदेड, नाई भरलं.”

“पाहा बरं नीट, काकू,” भागीरथा रस्त्यातून म्हणाली.

“नीटच पाहून राह्यली. लाल अक्षरात आहे.”

दुसऱ्या दिवशीही लाल अक्षरच होतं. पुढच्या महिन्याचीही तारीख गेली. नावापुढे ‘वसुली सुरू आहे’ असं आलं. आनंदाबाईंनी अंकिताला त्याचा नंबर शोधायला सांगितलं. अ‍ॅप नंबर देत नाही, असं अंकितानं सांगितलं. आनंदाबाईंना ते विचित्र वाटलं. दुकानातली उधारी त्यांनी आयुष्यभर नुसत्या नजरेनं वसूल केली होती. बाई समोरून जाताना तिच्या हातातल्या बांगड्यांकडे बघायचं, काही बोलायचं नाही. चार दिवसांत पैसे यायचे. इथं बघायला हात नव्हता.

“गाडी पलटली असन,” त्या म्हणाल्या. “नाई तं दुखण्यात असन. विचारलं असतं एकदा.”

“नाही तर पळाला असेल,” अंकिता म्हणाली.

“सहा महिने तारखेच्या आधी भरणारा माणूस असा पळत नाई.”

भागीरथा सकाळी त्या रस्त्यानं येईनाशी झाली. ती आता मागच्या गल्लीतून पाणी नेई. मार्गशीर्ष संपत आला तशी बायांत कुजबुज सुरू झाली. संक्रांतीला ज्याचे त्याचे आलेले पैसे काढून वाटायचे ठरलं होतं. आपल्या माणसानं भरले तेवढे आपले. मग भागीरथाचं काय? कौशल्याबाई तोंडावर बोलणारी. ती दुकानात येऊन, बांगड्या न घेता, बोलून गेली.

“चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, आनंदाबाई. भिशीत चिठ्ठी मागून निघाली म्हणून कोणी रडते का? मले वाईट वाटते तिचं. पण माझा भुसावळवाला भरून राह्यला तं मी त्यातून काऊन देऊ?”

आनंदाबाई पिनांची बरणी पुसत राहिल्या. नियम त्यांचाच होता. प्रत्येकीचा माणूस वेगळा ठेवायचा हट्ट त्यांनीच धरला होता. त्या रात्री अंकिता भांडी विसळत असताना त्या ओट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“भागीरथाच्या माणसानं एकूण किती भरले, ते निंगते का यात? पहिल्यापासून?”

“निघते. पण समोर फक्त मागच्या महिन्याचंच दिसते. सगळं पाहायचं तर स्टेटमेंट उतरवावं लागते.”

“मंग उतरव. निदान आले तेवढे तं देऊ तिले.”

अंकितानं ‘व्यवहार’ उघडलं, पहिली तारीख होळीनंतरची टाकली आणि शेवटची आजची. फाइल आली, पण उघडेना. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख हा तिचा पासवर्ड होता.

“आई, जन्मतारीख?”

“तान्ह्या पोळ्याची. लाकडी बैल सजवून पोट्टे दारी आलते, आन् मी झालती.”

“पॅन कार्डावर काय आहे?”

पॅन कार्डावर एक जून होती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तळेगावच्या अर्ध्या वर्गाला तीच तारीख दिली होती. ती टाकल्यावर फाइल उघडली. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी आनंदाबाई ती समोरच्या बंडूजींच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेल्या. बंडूजी म्हणजे कौशल्याबाईचे यजमान.

“काकू, कागद संपवता का माझे?” छापता छापता बंडूजी म्हणाले. “वाचाले नेऊन राह्यल्या का रद्दीले?”

“तू छाप. रद्दीवाला मी पाहीन.”

बंडूजींच्या पोटात गोष्ट राहत नसे. कागद अजून गरम होते तेवढ्यात कौशल्याबाईला ठाऊक झालं होतं.

रविवारी दुपारी अंकिता आणि आनंदाबाई कागद घेऊन दुकानात बसल्या. अंकिताला वाटलं होतं, गोविंदच्या नावापुढचे हप्ते बेरजेला लावले की काम झालं. पण त्याच्या नावाचे व्यवहार दोन ठिकाणी होते आणि दोन्हीकडे कर्जाचा नंबर वेगळा होता. तिनं पुन्हा पाहिलं. एका नंबराखाली दिवाळीच्या आधीची एक मोठी नोंद होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘पूर्ण फेड’.

“आई, हे कर्ज तर त्यानं फेडलं.”

“कोणतं?”

“पहिलं. भागीरथाचं. दिवाळीच्या आधीच फेडलं, सगळंच्या सगळं.”

आनंदाबाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. अंकितानं अ‍ॅपमध्ये खाली खाली जाऊन ‘बंद झालेली कर्जं’ असा एक कोपरा उघडला. तिथं आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. त्यात नांदेडचा गोविंद शांतपणे बसला होता, हिरव्या अक्षरात. सहा महिने नेमानं भरल्यामुळे अ‍ॅपनं त्याला मोठं कर्ज देऊ केलं होतं. त्या मोठ्या कर्जासाठी त्यानं आधी जुनं फेडलं. आता थकलं होतं ते दुसरं. रस्त्यावरच्या बाया रोज नांदेडचं नाव ऐकत होत्या. एका माणसाची दोन कर्जं असू शकतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी माणूस एकच होता.

“मंग हे दुसरं कोणं दिलं त्याले?” आनंदाबाईंनी विचारलं.

अंकितानं बोट कागदावरून खाली नेलं. “आपणच दिलं. याच खात्यातून. परत आलेले हप्ते आपोआप पुन्हा कर्जाऊ जावेत, असं चालू करून ठेवलं आहे. मी तर नाही केलं.”

आनंदाबाईंनी मोबाइल हातात घेऊन काच पुसली. मग म्हणाल्या, “एक दिवस सकाळी त्यानं इचारलतं काही. आलेले पैसे पुन्हा लावू का म्हणून. हो आन् नाई, अशा दोन खिडक्या होत्या.”

“आणि तुम्ही हो म्हटलं?”

“बोहनी व्हाची होती, अंकिता.”

अंकिता दुकानदाराच्या घरात नांदायला येऊन फार वर्षं झाली नव्हती, पण एवढं तिला ठाऊक होतं. बोहनीच्या आधी या दुकानात ‘नाही’ हा शब्द उच्चारला जात नसे. पहिल्या गिऱ्हाइकाला हव्या त्या मापाच्या बांगड्या नसल्या तरी आनंदाबाई ‘आणून देतो’ म्हणत. अ‍ॅपनं सकाळी, शटर अर्धं वर असताना विचारलं होतं.

त्या दुपारी आनंदाबाईंनी बांगड्या लावायच्या रिकाम्या दांड्या काउंटरवर एका ओळीत मांडल्या. एकेका दांडीला एकेक गाव. मग आठ रंग काढले. भागीरथाला हिरवा, कौशल्याबाईला जांभळा, अंजूला पिवळा, असे. एक बांगडी म्हणजे पाचशे रुपये. सुरुवातीला प्रत्येक दांडीवर एकाच रंगाच्या दहा बांगड्या होत्या. मधोमध त्यांनी पितळी ताट ठेवलं. खात्यात पैसे परत आले की बांगडी ताटात टाकायची, पुन्हा कर्जाऊ गेले की ताटातून उचलून त्या दांडीवर चढवायची. अंकिता कागदावरून वाचू लागली.

“भुसावळचा हप्ता. चारशे सत्तर.”

आनंदाबाईंनी जांभळी बांगडी ताटात टाकली.

“पूर्ण पाचशे नाहीत, आई.”

“मंग तडकलेली धर.”

पहिल्या पानावर सगळं सरळ चाललं. ज्या दांडीची बांगडी, ती ताटात. दुसऱ्या पानावर पहिली नोंद आली, ‘पुनर्गुंतवणूक, अमरावती’. आनंदाबाई सकाळी आपली आठच गावं शोधून वाचत, म्हणून हे नाव कधी ऐकू आलं नव्हतं. आनंदाबाईंनी नवी दांडी मांडली आणि त्यांचा हात ताटावर थांबला. ताटात जांभळ्या, पिवळ्या, हिरव्या, सगळ्या होत्या.

“यातली कोणती उचलू?”

अंकितानं कागद उलटा-सुलटा केला. “ते नाही लिहिलेलं. फक्त रक्कम आहे.”

“म्हणजे अ‍ॅपलेही मालूम नाई.”

“नाही.”

आनंदाबाईंनी डोळे मिटले आणि हाताला आली ती बांगडी उचलली. पुढची सगळी पानं त्यांनी तसंच केलं. दिवाळीच्या आधीच्या तारखेला नांदेडच्या दांडीवर उरलेल्या सगळ्या हिरव्या बांगड्या ताटात पडल्या. दांडी रिकामी झाली. आठवड्याभरानं ‘गोविंद, नांदेड’ पुन्हा आला आणि त्याच दांडीवर ताटातून बांगड्या चढल्या. या वेळी त्यात आठही रंग होते. ऊन पायरीवरून खाली उतरलं होतं. एक बाई टिकल्यांचं पाकीट घ्यायला आली, काउंटरकडे पाहत राहिली आणि घरी लग्न आहे का म्हणून विचारून गेली.

आनंदाबाईंनी दांड्या मोडल्या नाहीत. वर एक जुनी साडी टाकून तशाच ठेवल्या. संक्रांतीचं हळदी-कुंकू त्यांनी त्या वर्षी घरात न करता दुकानात केलं.

बाया आल्या. भागीरथा सगळ्यांत शेवटी आली आणि दाराशीच टेकली. तीळगूळ वाटून झाल्यावर आनंदाबाईंनी साडी काढली. काय झालं ते त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, सकाळी यादी वाचत तसं. पहिलं कर्ज फिटलं. दुसरं सगळ्यांच्या पैशातलं आहे. हो म्हणून दाबलं ते मी.

बाया दांड्यांभोवती गोळा झाल्या. मग कौशल्याबाई पुढे झाली.

“थांबा बाप्पा. म्हणजे माझा भुसावळवाला इकडं नेमानं भरत होता, आन् तुमी ते उचलून नांदेडले धाडत होत्या?”

“मी नाई, अ‍ॅप. पण हो मी म्हटलं.”

“काऊन म्हटलं पण? या पोरीले इचाराचं होतं. आमाले इचाराचं होतं.”

“सकाळची येळ होती. बोहनी व्हाची होती.”

कौशल्याबाईनं वर केलेला हात खाली घेतला. तिचं माहेर किराणा दुकानाचं, सासर झेरॉक्सच्या दुकानाचं. मागून अंजू म्हणाली, “मंग काय म्हणन बिचारी.” दुसरी कुणी म्हणाली, “बोहनीले नाई कशी म्हणन?” दोघी-तिघींनी माना हलवल्या. अंकिता कोपऱ्यात उभी राहून हे पाहत होती. तिनं रात्री बसून एक उत्तर तयार केलं होतं. नियम काय, जबाबदारी कुणाची, अ‍ॅपनं कसं विचारायला हवं होतं. त्याची गरज पडली नाही.

कौशल्याबाई मात्र सहज सोडणारी नव्हती. ती काउंटरवर वाकली आणि नांदेडच्या दांडीवरच्या जांभळ्या बांगड्या शोधू लागली. “या माझ्या आहेत हे कशावरून? डोळे मिटूनच उचलल्या ना तुमी?”

“हो.”

“मंग कमीही असन माझ्या.”

“असन. जास्तीही असन.”

“आन् तिच्या?” तिनं मान न वळवता दाराकडे हात केला.

“तिच्याही तशाच. कोणाच्याच येगळ्या नाई राह्यल्या आता. बुडलं तं आठजणींचं थोडं थोडं बुडन.”

दाराशी भागीरथानं पदर तोंडाला लावला होता. ती रडत होती की नाही, ते अंकिताला दिसलं नाही.

त्या दिवशी खात्यात जे काही पडलं होतं ते आठ ठिकाणी सारखं वाटलं गेलं. आपोआप पुन्हा जाण्याची खिडकी अंकितानं सगळ्यांदेखत बंद केली. तेव्हा दुपार होती आणि बोहनी कधीच झाली होती. पण वाटणीला आलेल्या पैशात भागीरथाचं मशीन बसत नव्हतं. हिंगणघाटची बाई पौष संपेपर्यंत थांबणार होती, त्यापुढे नाही. बाया निघू लागल्या. कौशल्याबाई चपला घालता घालता थांबली.

“या महिन्याची भिशीची चिठ्ठी माझी निंगाली होती ना?”

“हो,” आनंदाबाई म्हणाल्या.

“मले जेठ महिन्याशिवाय काम नाई त्या पैशाचं. हिले द्या. हिची निंगन तवा मी घेईन.” मग भागीरथाकडे वळून, अगदी तिच्या नेहमीच्या आवाजात, “पण पहिल्या शेवया माझ्या घरच्या. आन् पैसे देणार नाई मी त्याचे, सांगून ठेवतो.”

“नका देऊ,” भागीरथा म्हणाली. “मैदा तं देसान?”

“पाह्यलं का! आतापासूनच धंदेवाली झाली!”

मशीन माघात आलं. भागीरथानं ते पडवीत बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पुढच्या रस्त्यानं पाण्याला जाऊ लागली. आनंदाबाईंची सकाळ पूर्वीसारखी सुरू झाली. फरक एवढाच की यादी संपल्यावर त्या अंकितानं दाखवलेला तो खालचा कोपराही उघडून पाहत आणि नावापुढे कर्जाचा नंबरही वाचत. बायांना नंबरात रस नव्हता. त्या अजूनही गावाचंच नाव ऐकायला थांबत. आता सगळी गावं सगळ्यांची होती, म्हणून यादी संपेपर्यंत कुणी हलत नसे आणि रस्त्यात सायकलवाल्यांना घंटी वाजवावी लागे.

नांदेडचं लाल अक्षर तसंच राहिलं. फाल्गुनात एकदा तिथून थोडी रक्कम आली, हप्त्याच्या निम्मीही नव्हती. आनंदाबाईंनी ती दोनदा वाचली. “पाह्य,” त्या अंकिताला म्हणाल्या, “पळालेला माणूस अर्धे धाडत नाई.” पुढं पुन्हा काही आलं नाही. अंकितानं दर महिन्याला स्टेटमेंट उतरवून ठेवायचं ठरवलं आणि ठेवलं.

चैत्रात शेवयांची गर्दी वाढली. कौशल्याबाईच्या घरच्या शेवया झाल्या, मग अंजूच्या, मग आनंदाबाईंच्या. त्या दिवशी सकाळी आनंदाबाई यादी वाचून झाल्यावर मोबाइल घेऊन भागीरथाच्या पडवीत गेल्या होत्या. मशीन चालताना पाहिलं नव्हतं म्हणून पाहायला. भागीरथानं तसाच हात पुढे करून मोबाइल मागितला आणि नांदेडची ओळ स्वतः पाहिली. दुपारी दुकानात आनंदाबाईंच्या छातीत कळ आली. घाम पाहून अंकिता घाबरली. ऋतिक औषधाच्या दुकानातून धावत आला. बंडूजींनी गाडी काढली.

वर्ध्याला पोचेपर्यंत त्यांची शुद्ध हरपली होती आणि दवाखान्यात तपासून डॉक्टरांनी त्या गेल्याचं सांगितलं. त्याच्या आधी, गाडीत बसताना, त्यांनी कमरेचा मोबाइल काढून अंकिताच्या हातात दिला होता. काचेवर पांढरी बोटं उमटली होती. त्या म्हणाल्या होत्या,

“उद्या वाचाच्या आधी पुसून घेजो. भागीरथानं पिठाच्या हातानं धरलता.”